ल्वार खोऱ्यातल्या वाईन: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच वाईन म्हटलं की आपल्याकडे गाडी बोर्दो आणि शॅम्पेनच्या पुढं जात नाही. ल्वारचा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात ते इथं एकत्र केलेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, पण शेनिन ब्लाँ या द्राक्षाचा भाग मात्र सोडू नका, बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं असं माझं मत आहे.

ल्वार म्हणजे नेमकं कुठं?

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, साधारण हजार किलोमीटर. दक्षिणेला आर्देशच्या डोंगरात उगम पावते, आधी उत्तरेला जाते, ओर्लेआँपाशी वळण घेते आणि मग पश्चिमेला अटलांटिकला मिळते. या नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने द्राक्षबागा आहेत. वाईनच्या हिशेबाने महत्त्वाचा पट्टा म्हणजे पूर्वेला सांसेरपासून पश्चिमेला नांतपर्यंतचा, रस्त्याने गेलं तर चारशे किलोमीटरच्या आसपास. समुद्राकडून सुरुवात केली तर नांतचा भाग, मग आंजू, सोम्यूर, तुरेन आणि शेवटी सांसेर-पुयी. नदीच्या अगदी वरच्या अंगालाही बागा आहेत, सँ-पुर्सँ, कोत रोआनेझ वगैरे, तिथं गामे द्राक्ष जास्त, पण त्या वाईन बाहेर फार कमी दिसतात म्हणून इथं त्यांना हात लावत नाही.

बरं, मग ल्वारची वाईन चवीला कशी असते?

याचं एका वाक्यात उत्तर नाही हीच तर मजा आहे. कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) व्हाईट, गोड व्हाईट, फेसाळ, रोझे म्हणजे गुलाबी, हलकी रेड, जरा भारी रेड, सगळं एकाच नदीकाठी बनतं. बोर्दोला गेलात तर काबर्ने आणि मर्लो यांच्याभोवती बहुतेक सगळं फिरतं, इथं शंभर किलोमीटर पुढं गेलं की द्राक्ष बदलतं, माती बदलते, लोकांचं जेवणही बदलतं.

तरी एक गोष्ट सगळीकडे सापडते, ती म्हणजे आंबटपणा. हा भाग द्राक्षाच्या दृष्टीने बऱ्यापैकी उत्तरेला आहे, उन्हाळा फार कडक नाही, द्राक्ष हळूहळू पिकतं, त्यामुळे त्यातलं आम्ल टिकून राहतं आणि अल्कोहोलही फार चढत नाही. वाईन गोड असो की कोरडी, घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटतं. ज्यांना जाडजूड, ओकच्या पिंपात मुरलेल्या, चॉकलेटी रेड आवडतात त्यांना ल्वार सुरुवातीला फिकं वाटू शकतं, हे आधीच सांगून टाकतो.

लेबलवर द्राक्षाचं नावच नसतं, मग ओळखायचं कसं?

देवगड म्हटल्यावर हापूस असं वेगळं सांगावं लागत नाही ना, तसंच. गावाचं नाव लिहिलं की द्राक्ष कुठलं ते ठरलेलंच, कारण त्या नावाने विकायचं तर कुठली द्राक्षं वापरायची, एकरी किती पीक घ्यायचं, याचे कायद्याने नियम आहेत. १९३६ पासून ही नावं ठरायला लागली (पुढं 'दर्जा' म्हणतो तो हाच) आणि कँसी, सांसेर, वुव्रे ही त्यात अगदी सुरुवातीची.

पाठ करायचं असेल तर एवढं पुरेसं आहे. म्युस्काडे असेल तर मलाँ नावाचं द्राक्ष. साव्हनिएर, वुव्रे, मोंलुई, कोतो दु लेयाँ म्हणजे शेनिन ब्लाँ. शिनाँ, बुर्गय, सोम्यूर-शाँपिन्यी म्हणजे काबर्ने फ्राँची रेड. सांसेर, पुयी-फ्युमे, मनतू-सालों, कँसी म्हणजे व्हाईट असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ. आंजू आणि तुरेन ही मोठ्या भागांची नावं आहेत, त्यात रेड, व्हाईट, रोझे सगळंच येतं, तिथं मात्र लेबल नीट वाचावं लागतं.

म्युस्काडे म्हणजे मस्कत द्राक्षाची गोड वाईन का?

नाही नाही. हा गोंधळ नावामुळे होतो. म्युस्काडे एकदम कोरडी असते, मस्कतशी तिचा काही संबंध नाही. द्राक्षाचं नाव मलाँ द बूर्गोन्य, म्हणजे मूळचं बूर्गोन्य (बर्गंडी) भागातलं. १७०९ चा हिवाळा युरोपात भयानक गेला, नांतच्या आसपासच्या बागाच्या बागा मेल्या, त्यानंतर थंडी सोसणारं म्हणून हे द्राक्ष तिथं जोरात लावलं गेलं. डच व्यापारी त्या काळी नांत बंदरात ठाण मांडून होते, त्यांना ब्रँडी गाळायला भरपूर आणि स्वस्त व्हाईट वाईन पाहिजे होती, त्यांचाही यात हात आहेच.

मलाँ हे तसं बिनवासाचं द्राक्ष आहे, म्हणून इथल्या लोकांनी एक युक्ती काढली. वाईन तयार झाली की मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, तो गाळ काढून न टाकता वाईन एक अख्खा हिवाळा त्याच्यावरच ठेवायची आणि वसंतात किंवा नंतर सरळ तिथूनच बाटलीत भरायची. लेबलवर 'स्युर ली' असं लिहिलेलं असतं ते हेच. त्या गाळामुळे वाईनला थोडा भरीवपणा येतो, ब्रेडसारखा हलका वास येतो, आणि कधीकधी जिभेवर बारीक चुणचुण पण जाणवते, ती बाटलीत राहिलेल्या कार्बन डायऑक्साईडची, वाईन खराब झाली असं समजू नका.

साधी म्युस्काडे ही आख्ख्या फ्रान्समधल्या स्वस्तात मस्त व्हाईट वाईनपैकी एक आहे. पण त्याच्या पुढची पायरीही आहे, क्लिसों, गोर्ज आणि ल पाले या गावांच्या नावाने २०११ पासून वेगळा दर्जा मिळालाय, या वाईन दीड-दोन वर्षं किंवा अजून जास्त गाळावर असतात. क्लिसोंची जमीन ग्रॅनाईटची, गोर्जची गॅब्रो या काळपट दगडाची, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्यायल्या तर म्युस्काडे म्हणजे पाणीदार हा समज निघून जातो. लोक अजूनही तिला भाव देत नाहीत, आपल्यासाठी चांगलंच आहे.

शेनिन ब्लाँचं एवढं कौतुक का?

कारण एकच द्राक्ष इतक्या प्रकारे वागतं असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आंजू आणि तुरेन हे त्याचं घर. कडक कोरडी बनवा, किंचित गोड बनवा, मधासारखी गोड बनवा, फेसाळ बनवा, सगळीकडे चालतं.

याचं कारण बागेत गेल्यावर समजतं. शेनिन एकसारखं पिकत नाही. एकाच घडात काही मणी सोनेरी झालेले असतात, काही अजून हिरवेच, आणि ओल धरली असेल तर खालच्या बाजूचे दोन-चार तपकिरी होऊन सुरकुतायला लागलेले. म्हणजे शेतकऱ्याने कधी तोडायचं यावरच वाईन कुठली होणार ते ठरतं. लवकर तोडलं तर आंबट रस, तो फेसाळ वाईनला उत्तम. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये तोडलं तर कोरडी. थांबायची हिंमत असेल आणि आभाळाने साथ दिली तर नोव्हेंबरपर्यंत थांबून गोड. वुव्रेमधले लोक तर दरवर्षी हवामान बघूनच ठरवतात, थंड वर्ष असेल तर फेसाळ आणि कोरडी जास्त, ऊन चांगलं पडलं तर गोड जास्त. वुव्रेचा बराच मोठा हिस्सा फेसाळच असतो हे पुष्कळांना माहीत नसतं.

माती हा दुसरा भाग. आंजूच्या पश्चिमेकडे काळा शिस्ट दगड आहे, तिथली साव्हनिएर तरुणपणी कडक, बंद, थोडी कडवटसुद्धा, पाच-सात वर्षं गेली की उघडते. सोम्यूर आणि तुरेनकडे पांढरा-पिवळसर मऊ चुनखडीचा दगड आहे, त्याला त्युफो म्हणतात, तिथलं शेनिन जरा मोकळं, सफरचंद-पेरच्या वासाचं. वय झालं की मध, मेण आणि घोंगडी पावसात भिजल्यावर येतो तो ओल्या लोकरीचा वास. ऐकायला विचित्र वाटतं, प्यायला नाही.

वुव्रेमधलं ह्युए हे वाईन बनवणारं घराणं माहीत करून घ्या. ल ओ-लियू, ल मों आणि क्लो दु बूर अशा तीन बागांच्या वाईन ते वेगवेगळ्या बाटलीत भरतात, द्राक्ष तेच, गाव तेच, तरी तिन्ही वेगळ्या. त्यांची १९४७ ची गोड वुव्रे अजूनही जाणकार लोक नाव काढून सांगतात. गास्तों ह्युए गावचे मेयरही होते आणि तेजेव्हे या अतिवेगवान रेल्वेची लाईन वुव्रेच्या बागांवरून जाणार म्हटल्यावर त्यांनी जोरदार विरोध केला, शेवटी गाडी बोगद्यातून बागांच्या खालून गेली.

नाशिकची शेनिन आणि वुव्रेची शेनिन, द्राक्ष एकच ना? मग चव एवढी वेगळी कशी?

द्राक्ष एकच. सुलाच्या राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकला सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावलं, पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली, आणि तेव्हापासून शेनिन हे आपल्याकडच्या व्हाईट वाईनचं मुख्य द्राक्ष होऊन बसलंय. बऱ्याच मराठी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा प्यायलेली व्हाईट वाईन ही शेनिनच असते, फक्त ती मूळची ल्वारची हे ठाऊक नसतं.

फरक हवामानाचा. वुव्रेला हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, एप्रिलच्या सुमारास फुटतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन चांगलं, त्यामुळे साखर पटकन भरते आणि आम्ल पटकन उतरतं. शेनिनमध्ये मुळात आम्ल भरपूर असल्याने उतरूनही थोडं उरतं, म्हणूनच ते गरम जागी जमलं, दक्षिण आफ्रिकेत तर ल्वारपेक्षाही जास्त शेनिन आहे. नाशिकच्या वाईनमध्ये पेरू, अननस, पिकलेली फळं असा वास जास्त येतो, बहुतेक वेळा थोडा गोडवा ठेवलेला असतो आणि ती वर्षभरात पिऊन टाकायची असते. चांगली वुव्रे पंधरा-वीस वर्षं आरामात जगते. चांगलं-वाईट असं नाही, पण दोन बाटल्या एकाच संध्याकाळी उघडून बघा, हवामान म्हणजे काय ते कुठल्याही कोर्सपेक्षा लवकर कळतं.

सेक, डेमी-सेक, म्वालो… हे काय आहे? मला गोड नको असेल तर?

हे शब्द बघितल्याशिवाय वुव्रे किंवा मोंलुई विकत घेऊच नका. सेक म्हणजे कोरडी, लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर, आम्ल जास्त असेल तर ९ पर्यंत चालते. डेमी-सेक त्याच्या वरची, साधारण १२ ग्रॅमपर्यंत, आम्ल जास्त असेल तर १८ पर्यंत. म्वालो ४५ ग्रॅमपर्यंत आणि दू म्हणजे त्याच्याही वर. फेसाळ बाटलीवरचे हेच शब्द वेगळ्या मापाने चालतात, तिथं डेमी-सेक म्हणजे चांगलीच गोड आणि कोरडी हवी तर ब्रूट शोधायची.

पण आकड्यांवर जाऊ नका फार. शेनिनमधलं आम्ल एवढं असतं की १२ ग्रॅमची डेमी-सेक पिताना गोड अशी लागतच नाही, गोलसर लागते. आणि कधीकधी लेबलवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, मग दुकानदाराला विचारणं हाच उपाय.

गोड वाईनमध्ये वरून साखर घालतात का?

गोडीसाठी नाही. (फ्रान्सच्या थंड भागात आंबवण्याआधी रसात थोडी साखर घालायची परवानगी असते, पण ती अल्कोहोल वाढवायला, आंबताना ती संपून जाते. वेगळा विषय.)

ल्वारची बरीचशी गोड वाईन लेयाँ नावाच्या छोट्या नदीकाठी होते. शरद ऋतूत सकाळी नदीवरून धुकं येतं, द्राक्ष ओलं होतं, त्याच्यावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दुपारी ऊन आणि वारा, मग तीच बुरशी मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडते आणि आतलं पाणी उडून जातं. मणी आक्रसतो, साखर, आम्ल, वास सगळं घट्ट होतं. दिवसभर ओलच राहिली तर तीच बुरशी अख्खा घड सडवून टाकते, म्हणजे सगळा खेळ दुपारच्या उन्हावर. काही वर्षी बुरशी धरतच नाही, मणी नुसता वाऱ्याने वेलीवरच सुकतो, त्याचीही चांगली वाईन होते.

तोडणी हातानेच. मजूर एकाच बागेतून तीन-चार-पाच वेळा जातात, दर वेळी फक्त तयार झालेले मणी किंवा घडाचा तेवढाच भाग कात्रीने काढायचा, बाकी वेलीवर सोडायचं. एका वेलीतून जेमतेम एखाद-दोन ग्लास वाईन निघते. हे सगळं बघितल्यावर बाटलीची किंमत महाग वाटत नाही, उलट बोर्दोच्या सोतेर्न या गोड वाईनपेक्षा कोतो दु लेयाँ पुष्कळ स्वस्त पडते.

यातल्या सगळ्यात मानाच्या जागा म्हणजे बोनझो आणि कार द शोम. कार म्हणजे चौथाई, पूर्वी जमीन कसणाऱ्याने पिकाचा चौथा हिस्सा जमीनदाराला द्यायचा असा रिवाज होता, त्यावरून नाव पडलं. कार द शोमला २०११ मध्ये ग्राँ क्रूचा, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा मिळाला, ल्वारमधला पहिलाच. चाळीस हेक्टरच्या आसपासचा इवलासा तुकडा आहे.

सांसेर एवढी महाग का झाली? आणि पुयी-फ्युमे वेगळी आहे का?

दोन्ही सोव्हिन्यों ब्लाँ, दोन्ही ल्वारच्या वरच्या अंगाला, सांसेर डाव्या काठावर टेकडीवर आणि पुयी उजव्या काठावर. मोठमोठे जाणकारही डोळे झाकून दोन्हीतला फरक सांगताना गडबडतात, त्यामुळे आपण टेन्शन घ्यायचं नाही. गावापेक्षा माती जास्त बोलते. गारगोटीच्या जमिनीतली वाईन ताठ, दगडावर दगड घासल्यावर येतो तसा वास; चुनखडीच्या मार्लमधली (चुना मिसळलेल्या चिकणमातीतली) भरीव आणि टिकाऊ; बारीक चुनखडीच्या गोट्यांवरची लवकर पिण्याजोगी.

गंमत म्हणजे फायलोक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बागा मारायच्या आधी सांसेरला रेड द्राक्षच जास्त होती. पुन्हा लागवड करताना कलमावर सोव्हिन्यों चांगलं आलं म्हणून ते वाढलं. आजही पिनो न्वारची रेड आणि रोझे सांसेर बनते, व्हाईटला १९३६ मध्ये दर्जा मिळाला आणि रेड-रोझेला १९५९ मध्ये.

महाग व्हायचं कारण सरळ आहे, नाव सोपं, पॅरिसच्या बिस्त्रोंनी, म्हणजे छोट्या खानावळींनी उचलून धरलं, मग न्यूयॉर्क-लंडनने. माझं ऐकाल तर रोजच्यासाठी मनतू-सालों, कँसी किंवा रइयी घ्या, द्राक्ष तेच, बागा पण जवळपासच, पैसे कमी. सांसेरवर पैसे घालायचेच असतील तर शाव्हिन्यॉल गावच्या खड्या उताराची घ्या आणि त्याच गावचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज सोबत ठेवा, ही जोडी उगाच प्रसिद्ध नाही. पुयीमध्ये दिदिए दागनो या माणसाने 'सिलेक्स' नावाच्या वाईनने सगळ्यांना दाखवून दिलं की सोव्हिन्यों किती गंभीर होऊ शकतं, २००८ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला, आता मुलं बघतात.

पुयी-फ्युमे आणि पुयी-फ्युइसे एकच का?

नाही. दुसरी बूर्गोन्यची, शार्दोने द्राक्षाची. आणि तिसरी पुयी-सुर-ल्वार पण आहे, ती शास्ला द्राक्षाची, साधी हलकी.

ल्वारची रेड प्यावी का? मला एकदा सिमला मिरचीचा वास आला होता.

प्यावी. इथल्या रेडचं काबर्ने फ्राँ हे काबर्ने सोव्हिन्योंचं एक पालक द्राक्ष, दुसरं पालक सोव्हिन्यों ब्लाँ, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून हे सिद्ध झालं. या घराण्यात पायराझिन नावाचं द्रव्य असतं, तोच तो सिमला मिरचीचा वास. द्राक्ष कच्चं राहिलं की जास्त येतो, ऊन मिळालं की कमी होतो. जुन्या थंड वर्षांतल्या शिनाँमध्ये तो जोरात असायचा, अलीकडच्या गरम उन्हाळ्यांमुळे बराच कमी झालाय. थोडासा असला तर मला आवडतो, पेन्सिलीचं शिसं, रासबेरी आणि मागे तो हिरवा वास, हीच तर ओळख.

शिनाँमध्येच दोन तऱ्हा आहेत, नदीकाठच्या वाळू-खडीतली हलकी, त्याच उन्हाळ्यात प्यायची, आणि उतारावरच्या त्युफोतली, दहा वर्षं ठेवा. बुर्गयलाही तसंच. सोम्यूर-शाँपिन्यी जरा रेशमी. तिथल्या क्लो रूझार या वाईन घराण्याचं नाव ऐकलं असेल, फुको भावांनी ते नावारूपाला आणलं, २०१७ मध्ये बुईग कुटुंबाने घेतलं आणि आता किंमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर.

आणि हो, ही रेड थोडी गार करून प्या, १४-१५ डिग्री. आपल्याकडे 'रूम टेम्परेचर' म्हणजे मे महिन्यातलं ३४ झालं तर कुठलीच रेड चांगली लागणार नाही, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

रोझे?

आंजूची प्रसिद्ध. रोझे दांजू आणि काबर्ने दांजू दोन्ही किंचित गोड, रोझे द ल्वार कोरडी. गोड रोझेला नाक मुरडायची फॅशन आहे, पण थंडगार काबर्ने दांजू आणि तिखट चाट एकत्र करून बघा आणि मग बोला.

शॅम्पेन परवडत नाही, ल्वारची फेसाळ चालेल?

पळेल. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली असते, फक्त द्राक्ष बहुतेक शेनिन. क्रेमाँ द ल्वार, सोम्यूर ब्रूट, वुव्रे ब्रूट ही नावं शोधा. सोम्यूरला हा धंदा १८११ मध्ये जाँ-बाप्तिस्त आकरमान यांनी सुरू केला.

सोम्यूरच का, तर त्या त्युफो दगडामुळे. ल्वारकाठचे राजवाडे बांधायला शेकडो वर्षं हा दगड खणून काढला, आणि जमिनीखाली शेकडो किलोमीटर बोगदे मोकळे राहिले. आत बारा महिने १२ डिग्रीच्या आसपास, ओलसर, अंधार, आवाज नाही, हजारो बाटल्या ठेवायला फुकटचं शीतघरच झालं. उरलेल्या बोगद्यांमध्ये बटन मशरूम पिकवतात, काही ठिकाणी लोक राहतातसुद्धा, डोंगरात कोरलेली घरं आणि वर धुराडं बाहेर आलेलं.

आपल्या संबंधाची एक गोष्ट, सोम्यूरचं बुव्हे-लाद्युबे हे १८५१ चं घराणं २००६ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने विकत घेतलं होतं. २०१५ मध्ये मोनमुसो कुटुंबाने ते परत घेतलं, मूळ चालवणारेही तेच होते. तेव्हा ल्वारच्या बोगद्यात काही वर्षं भारतीय मालक होता.

नॅचरल वाईनचं केंद्र ल्वारच का म्हणतात?

नॅचरल म्हणजे बागेत रसायनं न मारता आणि वाईनमध्ये शक्यतो काही न घालता केलेली. ल्वारला जमीन तुलनेने स्वस्त, नियम मोडायला तयार तरुण शेतकरी, आणि पॅरिस जवळ. साव्हनिएरच्या कुले द सेराँ या बागेचे निकोला जोली हे बायोडायनॅमिक (रसायनं टाळून, चंद्र-ग्रह बघून करायच्या) शेतीचे मोठे प्रचारक, ही बाग बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी लावलेली, सातेक हेक्टरची, आणि तिला स्वतःच्या नावाचा वेगळा दर्जा आहे. सोम्यूरला दरवर्षी हिवाळ्यात 'ला दीव्ह बूतेय' नावाचं नॅचरल वाईनचं मोठं प्रदर्शन भरतं.

चंद्र कुठल्या राशीत यावर छाटणी करायची वगैरे मला झेपत नाही. पण जमिनीवर रसायनं कमी मारणारे लोक बागेत जास्त वेळ घालवतात आणि ते वाईनमध्ये उतरतं, एवढं मान्य. मात्र नॅचरल म्हणून सायडरसारखी आंबूस, गढूळ बाटली कोणी पुढं केली तर गप्प पिऊ नका, दोष तो दोषच. बरेच असे लोक गावाचा दर्जा सोडून नुसतं 'व्हँ द फ्राँस' लिहितात, त्यामुळे साध्या नावाखाली कधी भारी माल असतो.

कमी माहीत असलेलं काही सुचवा ना.

पिनो दोनी या द्राक्षाची रेड, फिकट लाल, वासाला चक्क काळी मिरी. कूर-शेव्हेर्नी, तिथलं रोमोरांतँ हे द्राक्ष जवळपास फक्त तिथंच उरलंय. आणि झानिएर, कोरडी शेनिन, ही ल्वारवर नाही तर ल्वार नावाच्याच दुसऱ्या छोट्या नदीवर आहे, फ्रेंचमध्ये स्पेलिंगला एक अक्षर कमी आणि नदी पुल्लिंगी, नकाशात शोधताना डोकं फिरतं.

कुठलं साल घ्यायचं?

साध्या म्युस्काडे, सांसेर, रोझेला नवीन साल घ्या, विषय संपला. गोड शेनिन आणि उतारावरच्या शिनाँला साल महत्त्वाचं. ल्वारला सगळ्यात मोठी भीती एप्रिलच्या हिमाची, कोंब नुकते फुटलेले असतात आणि एका रात्रीत काळे पडतात. २०१६, २०१७, २०१९, २०२१ अशी थोड्याथोड्या अंतराने वाईट वर्षं गेली. लोक रात्रभर बागेत मेणबत्त्या पेटवतात, मोठे पंखे लावतात, कुठं हेलिकॉप्टरही फिरवतात. हिमाच्या वर्षी वाईन वाईट होते असं नाही, कमी होते, आणि मग महाग होते.

आपल्याकडे मिळते का?

मुंबई, पुणे, बंगळुरूच्या चांगल्या दुकानांत सांसेर आणि कधी वुव्रे दिसते, म्युस्काडे क्वचित. आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के राहिलंय, वर राज्याचे कर, त्यामुळे तिकडची साधी बाटली इथं येईपर्यंत साहेब होते. कोणी परदेशातून येणार असेल तर दोन लिटर दारू बिनशुल्क आणता येते, साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या निवांत बसतात. सांगायचंच असेल तर सांसेर सांगू नका, ती इथं मिळते, साव्हनिएर किंवा बोनझो सांगा. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.

आपल्या जेवणाबरोबर काय चालतं?

नांतला म्युस्काडेबरोबर कालवं खातात, मग कोकणातल्या कालवांनी आणि तिसऱ्यांनी काय पाप केलंय. मसाला मात्र हलका हवा. बोंबील फ्रायला क्रेमाँ, कुरकुरीत आणि फेस एकत्र छान. सोलकढीबरोबर काहीच नको, ती स्वतःच पुरेशी आहे. तिखट जेवणाला डेमी-सेक वुव्रे, कारण थोडी साखर तिखट शमवते, उलट जास्त अल्कोहोलची आणि टॅनिनची (तोंड कोरडं करणाऱ्या तुरटपणाची) रेड आग वाढवते. भरल्या वांग्याला हलकी शिनाँ. पुरणपोळीबरोबर कोतो दु लेयाँ चालेल असं वाटतं, पण पोळीचा गोडवा वाईनला खाऊन टाकतो, त्यापेक्षा तिखट-खारट चीज बरं. आणि तांबड्या रश्श्याबरोबर ताक प्या, कशाला उगाच वाईन वाया घालवता.

फिरायला जायचंय, सुरुवात कुठून?

पॅरिसहून तेजेव्हेने तूर साधारण सव्वा तास, आंजे दीड तास. चार-पाच दिवसच असतील तर पूर्ण नदी करायला जाऊ नका, तूर किंवा सोम्यूरला मुक्काम करा, वुव्रे, शिनाँ, सोम्यूर तिन्ही टप्प्यात येतात. सोबतचे वाईन न पिणारे असतील तर राजवाडे आहेतच, स्युली ते शालोन हा पट्टा २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आंब्वाझला लिओनार्दो दा व्हिंचीचं शेवटचं घर आहे. नदीकाठाने ल्वार आ वेलो नावाचा सायकलमार्ग जातो, सपाट आहे, फार दमायला होत नाही. सांसेर वेगळ्याच टोकाला आहे, तिथं गाडी लागते.

छोट्या शेतकऱ्यांकडे आधी मेल किंवा फोन करून जा, काढणीच्या दिवसांत म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. चव बघायला दिलेली वाईन थुंकायची सोय असते, त्यात कमीपणा काही नाही. निघताना एखादी तरी बाटली घ्यावी अशी तिथली रीत आहे.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

फ्रीजमध्ये बूच लावून, सांसेर-म्युस्काडे दोन-तीन दिवस, कोरडी शेनिन दुसऱ्या दिवशी उलट जास्त चांगली लागते, गोड शेनिन आठवडाभर सहज. फेसाळ त्याच रात्री संपवा.